फवारणी पंपात घरी बनवलेला लिथियम पॅक: मीटर ११.६ दाखवते पण तिसऱ्या टाकीत मोटर मरते

पऱ्हाटीवाला_केळापूर

नमस्कार भावांनो, पंपाच्या बॅटरीचं काम अडलं हाय, कोणाले समजत असन तर लवकर सांगा कारण पऱ्हाटीवर (कापसावर) तुडतुडे दिसून रायले अन् झड उघडली का फवारणीले दोन-तीन दिवसच भेटतात, मंग परत पाणी चालू होते.

माह्यापाशी १६ लिटरचा पाठीवरचा बॅटरी पंप हाय, सिंगल मोटरचा. त्यात १२ व्होल्ट ८ एएचची (अँपिअर-घंट्याची) लेडची बॅटरी होती, थे यंदा एक टाकी पण ओढे ना. म्हणून काढून टाकली अन् जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातल्या १८६५० साइजच्या गोल लिथियम सेलचा पॅक बनवला. बारा सेल हायत, चार-चार पॅरलल करून तीन गट अन् तिन्ही गट सिरीजमंदी, म्हंजे ३एस४पी. त्याच्यावर ३एसचा बीएमएस, म्हंजे बिघाड दिसला का सप्लाय तोडणारा बोर्ड, लावला, १० अँपिअर लिहिलं हाय त्याच्यावर. निकेलची पट्टी इकडे भेटली नाई म्हणून वायरचे तुकडे सोल्डर करून जोडले, वरून टेप गुंडाळला अन् बॅटरीच्या खप्प्यात थर्माकोल कोंबून बसवला.

पयली टाकी एकदम झकास, लेडपेक्षा प्रेशर चांगलं. दुसरी पण ठीक जाते. तिसरी अर्धी झाली का मोटर तुटक तुटक चालते, दोन सेकंद चालली का बंद, परत चालू, परत बंद. गन सोडून धुऱ्यावर थोडं थांबलं का उठते, मंग थोड्या वेळानं तेच. कधी कधी पूर्ण मरते तवा स्विच बंद करून चालू कराव लागते. घरी आणून मीटर लावला तर ११.६ दाखवते. म्हंजे बॅटरी तर भरेल हाय ना? मंग मोटर काऊन मरते? मोटरमंदी फॉल्ट नाई, शेजारच्याच्या लेडच्या बॅटरीवर लावून पायली, बरोबर चालते. चार्जिंग पंपासोबत आलेल्या चार्जरनंच करतो, लाल लाइटची हिरवी झाली का काढतो.

आता २० अँपिअरचा बीएमएस टाकू का? दुकानदार तर म्हणते बीएमएस काढूनच टाक, डायरेक्ट जोड, काही होत नाई. घरी म्हातारे आई-बाबा अन् लेकरं हायत, पॅक रात्री त्याच खोलीत चार्जिंगले असते, म्हणून पयले इथं विचारून रायलो.

मोटरवाइंडिंग_आर्वी

भाऊ बीएमएस काढायचा नाई, हे पयले ऐक, बाकीचं नंतर वाच. थो बोर्ड तुह्या पॅकमंदी काहीतरी बिघाड पाहून रायला म्हणून सप्लाय तोडून रायला. त्याले काढला तर मोटर चालन, पण जो गट मरून रायला थो अजून खाली ओढल्या जाईन अन् थे सगळं तुह्या पाठीवर असन.

आता ११.६ चं सांगतो. मोटर बंद असताना मीटर लावला तर त्यातून काहीच समजत नाई. विहिरीत सकाळी पाणी वरतं दिसते, पण तिले झरा किती हाय हे मोटर लावून अर्धा घंटा उपसल्यावरच समजते ना, तसंच हे. सेलच्या आत स्वतःचा रेझिस्टन्स असते. नवीन चांगल्या १८६५० सेलमंदी थो ३० ते ६० मिलिओमच्या आसपास असते, जुन्या लॅपटॉपच्या सेलमंदी १०० च्या वर सहज जाते. करंट ओढला का जेवढा रेझिस्टन्स तेवढे व्होल्ट आतमंदीच खाल्ले जातात, अन् करंट थांबला का परत वर येतात. म्हणून तू धुऱ्यावर थांबला का थे उठते अन् घरी मीटरवर बॅटरी भरेल दिसते.

आता तुह्या पॅकचा हिशोब करू. असा पंप प्रेशरवर साधारण तीन-साडेतीन अँपिअर ओढते. जुने सेल दीड एएचचे जरी धरले तरी चार पॅरलल म्हंजे सहा एएच. सहाले ३.३ नं भाग दे, पावणेदोन घंट्याच्या वर मोटर चालाले पायजे. एक टाकी सहा-सात मिनिटात रिकामी होते, म्हंजे दहा-बारा टाक्या तर कुठंच गेल्या नाई. तुह्या निघते अडीच. म्हंजे कुठल्यातरी एका गटात चारपैकी एखादाच सेल काम करून रायला असा माह्या अंदाज हाय, बाकीचे एकतर मरेल हायत नाई तर जॉइंट तुटेल हाय.

हे आता मोजून पाय. टाकीत साधं पाणी भर, औषध नाई, अन् ज्या वेळी पंप तुटक चालाले लागते त्याच वेळी मोज. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव. बीएमएसच्या बोर्डावर ०, ४.२, ८.४ अन् १२.६ असे चार पॉइंट लिहेल असतीन. ० अन् ४.२ च्या मधात पयला गट, ४.२ अन् ८.४ मधात दुसरा, ८.४ अन् १२.६ मधात तिसरा. तिघाचे व्होल्ट पयले मोटर बंद ठेवून लिहून घे, मंग दुसऱ्याले गन दाबून धराले सांग अन् मोटर चालू असताना परत घे. त्याच टायमाले पॅकमधून बाहेर निघणाऱ्या दोन वायरवर किती हाय अन् मोटरच्या दोन टर्मिनलवर किती हाय हे पण पाय. त्या दोघात पाव व्होल्टच्या वर फरक असन तर वायर, थिंबल (वायरच्या टोकाची पितळी टोपी) नाई तर स्विचमंदी व्होल्ट मरून रायले. पंपाले स्पीड कमी-जास्त करायचा खटका असन तर थो फुल ठेव, नाई तर मीटर भलतंच दाखवन.

अन् एक. मोटर मेली असताना बोर्डाच्या ० अन् १२.६ वर व्होल्ट दाखवून रायले पण पी प्लस पी मायनसवर (बोर्डातून मोटरकडे जाणारे दोन पॉइंट) शून्य, असं दिसलं तर कट बीएमएसनंच मारला हे पक्कं. व्होल्ट खाली गेल्यानं कट मारला तर बहुतेक बोर्ड व्होल्ट वर आले का आपोआप सोडतात. पण करंट जास्त गेल्यानं कट मारला तर लोड काढाच लागते, तुह्या स्विच बंद-चालू कराव लागते थे यानंच असन. गन सोडली का पंपाचा प्रेशर स्विच मोटर बंद करते अन् परत दाबली का मोटर शून्यातून उठते, त्या क्षणी करंट चालू मोटरच्या कितीतरी पट जाते. गट मरेल असला का त्या धक्क्यातच झोपते.

आयटीआय_ताई_वर्धा

आर्वीच्या दादांनी मोजायचं बरोबर सांगितलंय, मी फक्त चार्जरबद्दल बोलते कारण पोस्टमधली सगळ्यात काळजीची गोष्ट मला ती वाटली.

पंपासोबत आलेला चार्जर लेड ॲसिडचा आहे भाऊ. तो १४ व्होल्टच्या वर जातो, साधारण १४.४ च्या आसपास. तुमचा ३एस पॅक पूर्ण भरतो १२.६ व्होल्टला, म्हणजे प्रत्येक गट ४.२ वर. त्याच्यावर एक टप्पासुद्धा जायला नको. आत्ता होतंय असं की चार्जर ढकलत राहतो आणि कुठला तरी एक गट सव्वाचारच्या आसपास पोचला की बीएमएस घाबरून चार्जिंग तोडतो, करंट थांबला म्हणून चार्जरला वाटतं झालं आणि हिरवा लाइट लागतो. बाकीचे गट तेव्हा अर्धवटच असतात. म्हणजे हिरवा लाइट म्हणजे पॅक फुल असं नाहीच, बीएमएसनं पॅक वाचवला एवढाच त्याचा अर्थ. आणि बीएमएसचे ते छोटे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) हा शेवटचा बचाव असतो, रोज रात्री त्याच्यावरच भार टाकायचा नसतो. एखादा मॉस्फेट शॉर्ट होऊन बसला तर चार्जर आणि सेलच्या मध्ये काहीच उरत नाही आणि त्याच खोलीत तुमची मुलं झोपलीयत. आता बीएमएस काढून डायरेक्ट जोडायला सांगणाऱ्याला हा विचार कदाचित सुचला नसेल पण तुम्ही आजच्या आज तो चार्जर त्या पॅकला लावणं बंद करा. १२.६ व्होल्टचा लिथियमचा चार्जर वेगळा मिळतो, त्याच्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तो येईपर्यंत पॅक घरात ठेवू नका, बाहेर सावलीत, पत्र्याखाली नाही, आसपास कडबा-कुटार-पऱ्हाट्या काही नको, लेकरांचा हात पुरायला नको.

दुसरं म्हणजे सोल्डर. सेलच्या टोकाला सोल्डरिंग गन टेकवून डाग मारला की ती उष्णता आत जाते आणि आतलं सेपरेटर नावाचं पातळ प्लास्टिकचं पापुद्र्यासारखं असतं ते खराब होऊ शकतं, खास करून मायनसच्या बाजूनं. शिवाय पाठीवरचा पंप दिवसभर हलतो, मोटरची थरथर वेगळी, कडक सोल्डरचा जॉइंट तडकतोच. म्हणून निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं लावतात. नागपूर-वर्ध्याकडे ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे आता बरेच झालेत, त्यांच्याकडे हे मशीन असतं, पट्टी घेऊन गेलात तर ते लावून देतात.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण लिहिते, नवीन सेल ऑनलाइन मागवताना ९९०० एमएएच (हजार एमएएच म्हणजे एक एएच) वगैरे लिहिलेले घेऊ नका, ते खोटं असतं. चांगल्यातला चांगला १८६५० सेल साडेतीन-चार हजारच्या आसपासच जातो. खऱ्या सेलचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या जवळपास भरतं, सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहा, तीस-बत्तीस ग्रॅम भरला तर आत फारसं काही नाही.

दर्यापूर_खारपाण

मले एक समजत नाई, सगळे लेडची बॅटरी फेकून लिथियमच्या मागं काऊन लागले. लेड खराब होत नाई, आपण तिले खराब करतो. दिवाळीपर्यंत फवारणी संपते, पंप धुऊन कोठ्यात टांगते माणूस अन् थेट मृगात काढते. सात-आठ महिने बॅटरी रिकामी पडून रायली तर आतल्या प्लेटवर सल्फेट जमून कडक होते, मंग चार्जर लावला तरी वरवर भरते अन् एका टाकीत बसते. फुल चार्ज करून ठेवा अन् दर दीड-दोन महिन्यानं एक रात्र चार्जिंगले लावा, तीन-तीन सीझन काढते. आमच्या घरी तसंच करतो. जड हाय, अडीच किलोच्या जवळ जाते, थे मान्य, पण पाठीवर आग तर नाई लागत.

केळापूरवाल्या भाऊले घाई असन तर कृषी केंद्रातून नवीन ८ एएचची आणून चालू करा, पॅकचं काम मंग निवांत होईन. तुडतुडे थांबत नाई तुमच्या सोल्डरसाठी.

पऱ्हाटीवाला_केळापूर

ताई, चार्जर काढला, पॅक बाहेरच्या ओट्यावर ठेवला. आर्वीवाल्या भाऊ, तुमी सांगितलं तसं पाणी भरून मोजलं, बायकोनं गन धरली अन् मी मीटर.

मोटर बंद असताना पयला गट ३.९२, दुसरा ३.९०, तिसरा ३.७८. मोटर चालू असताना पयला ३.८०, दुसरा ३.७९ अन् तिसरा एकदम २.८६! गन सोडली का थो हळूहळू परत वर चढते. थोडा वेळ अजून चालवलं तर तिसरा २.७ पर्यंत गेला अन् मोटर मेली, तवा पी प्लस पी मायनसवर शून्य होतं अन् ०-१२.६ वर अकरा. करंट पण पायला, १० अँपिअरच्या भोकात लाल वायर टाकून, ३.४ आला.

पॅकच्या वायरवर १०.४५ होते अन् मोटरवर ९.६. म्हंजे मधात पण जाऊन रायले. वायर मी डोअरबेलची असते ना बारीक जोडवायर थे लावली होती अन् स्विच पंपाचाच जुना हाय, त्याचे थिंबल हिरवे पडेल हायत.

मोटरवाइंडिंग_आर्वी

वा, असे आकडे आणले का सांगाले पण बरं वाटते. आता सगळं उघडं पडलं.

पयल्या दोन गटात ३.४ अँपिअरले ०.१२ च्या आत-बाहेर व्होल्ट पडले. ०.१२ भागिले ३.४ म्हंजे ३५ मिलिओम, चार जुने सेल पॅरलल असताना एवढा असणारच, म्हंजे एक-एक सेल १४० चा. चालते. तिसऱ्यात पडले ०.९२, म्हंजे २७० मिलिओम. आठपट जवळपास! चारही सेल जुने झाले असते तरी एवढा एकाच गटात आला नसता. तिथं दोन-तीन सेलचे जॉइंट सुटेल हायत अन् उरलेला एखादा सेल सगळ्याचा भार एकटा ओढून रायला. साडेतीन अँपिअर एका जुन्या लॅपटॉपच्या सेलमधून सतत ओढणं म्हंजे त्याले भाजणं हाय. तिसरी टाकी चालू असताना त्या गटाले हात लावून पायला असता तर गरम लागला असता. बीएमएस २० चा टाकला असता तर एक पैशाचा फायदा झाला नसता, कारण तुह्याइथं करंट जास्त नाई, गटाचे व्होल्ट खाली जाऊन रायले, अन् थो कट बोर्ड १० चा असो का २० चा, अडीच ते तीनच्या मधातच बसते.

वायरमंदी ०.८५ व्होल्ट जाऊन रायले, ३.४ नं गुणलं तर तीन वॉटच्या जवळ नुसतं वायर अन् थिंबल तापवाले. डोअरबेलची वायर इथं चालत नाई, अन् आजकाल स्वस्त वायर घेतली तर वरून तांब्याचा रंग अन् आतून ॲल्युमिनियम निघते, चाकूनं खरवडून पायजो, पांढरी निघाली तर तांबं नाई. दीड स्क्वेअर एमएमची मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर लाव, घरातल्या फिटिंगची भेटते. हिरवे थिंबल कापून नवीन क्रिंप कर. थो हिरवा रंग औषधाच्या पाण्यानं अन् दमटपणानं तांबं खाल्ल्याचा हाय. नुसतं घासलं तर पंधरा दिवसात परत हिरवं. स्विच कुठं व्होल्ट खाते हे पायचं असन तर मोटर चालू ठेवून मीटरच्या दोन पिना स्विचच्याच दोन टोकावर लाव, चांगल्या स्विचवर शून्याच्या जवळ दिसाले पायजे. अर्धा व्होल्ट दिसला तर फेकून दे, रबराची टोपीवाला नवीन बसव.

अन् पॅकच्या प्लसच्या वायरले जितकं जवळ होईन तितकं १० अँपिअरचा फ्यूज टाक, मोटरसायकलच्या दुकानात होल्डरसकट भेटते. वायर खप्प्याच्या कडीले घासून शॉर्ट झाली तर थो वाचवन. हे मी सगळ्याले सांगतो, कोणी टाकत नाई.

डबलमोटर_मारेगाव

याच धाग्यात विचारून घेतो. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली, सिंगल मोटरचा फवारा शेंड्यापर्यंत पोचत नाई. ३एसच्या जागी ४एस लिथियम टाकला तर १६.८ व्होल्ट होतात, मोटर जोरात फिरून प्रेशर वाढन ना? कोणी केलं हाय का?

दर्यापूर_खारपाण

मारेगाववाल्या भाऊ, तुमी यवतमाळ जिल्ह्यातलेच अन् तुमी हे विचारून रायले म्हणून जरा कळकळीनं लिहितो.

२०१७ च्या सीझनमंदी तुमच्याच जिल्ह्यात फवारणी करता करता वीसच्या आसपास शेतकरी अन् मजूर गेले, शेकडो माणसं दवाखान्यात भरती होती, कोणाची नजर अंधारी झाली, कोणी ओकून ओकून पडले. त्या वर्षी पण पऱ्हाटी अशीच डोक्यावर गेली होती, औषधं मिसळून मारली अन् जास्त प्रेशरच्या पंपांची चर्चा तवाच झाली. प्रेशर वाढलं का थेंब बारीक होते, बारीक थेंब पानावर बसत नाई, हवेत राहते अन् डोक्याच्या वरून तुमच्याच तोंडावर, डोळ्यात, नाकात येते. उंच पऱ्हाटीत तर तुमी त्या धुक्यातूनच चालता. शेंड्याले पोचवायचं असन तर लांब लान्स (फवाऱ्याची नळी) लावा, नोझल बदला, वारा पाठीकडून येईन असं चाला, अन् दोन तास फवारलं का थांबा. मजुराले लावत असान तर त्याले मास्क, चष्मा अन् पूर्ण बाहीचा सदरा द्या, थो बिचारा स्वतःहून मागत नाई. व्होल्ट वाढवू नका.

मोटरवाइंडिंग_आर्वी

अन् मोटरच्या बाजूनं पण सांगतो, १२ च्या मोटरले १६.८ दिले तर कार्बन लवकर झिजतात, वाइंडिंग तापते अन् डायफ्राम (पाणी ढकलणारा रबरी पडदा) फाटते. डायफ्राम फाटला तर औषध मोटरमंदी उतरते. माह्या टेबलावर असे पंप येतात, उघडताना हातमोजे घालाच लागते.

पऱ्हाटीवाला_केळापूर

भाऊ तुमचा अंदाज बरोबर निघाला. टेप सोडला, तिसऱ्या गटात दोन सेलच्या मायनसचे जॉइंट पूर्ण सुटेल होते, वायर नुसती टेपच्या जोरावर टेकेल होती. तिसऱ्या सेलचा हाताले हलत होता. चौथ्या सेलचं वरचं प्लास्टिक तपकिरी पडलं हाय अन् एक गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येते. तो सेल वेगळा काढून ठेवला.

आता सांगा, बाकीचे अकरा सेल घेऊन पट्टी लावून परत पॅक बनवावा का? का दुसरं काही करू? फवारणीसाठी सध्या शेजारच्याची लेडची बॅटरी आणली हाय, उद्या तिच्यावर मारतो.

आयटीआय_ताई_वर्धा

तो वास इलेक्ट्रोलाइटचा आहे भाऊ, सेल गळतोय. त्याला हात लागला असेल तर साबणानं धुवा. तो सेल घरापासून लांब, कोरड्या वाळूनं भरलेल्या जुन्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका, आणि वितळवायला किंवा चुलीत टाकायला कोणाच्या हाती देऊ नका. कुठलाही लिथियम सेल फुगला, गरम झाला, सू सू आवाज करू लागला तर तो उचलून पळायचं नाही, माणसांनी लांब व्हायचं, त्याचा धूर विषारी असतो.

बाकीचे अकरा सेल फवारणी पंपात परत घालू नका असं मी स्पष्टच सांगेन. लॅपटॉप सेल एक-दीड अँपिअरच्या सावकाश कामासाठी असतात, त्यांचं वय तुम्हाला माहीत नाही, आणि इथं तो पॅक पाण्याच्या आणि औषधाच्या टाकीखाली, माणसाच्या पाठीला चिकटून असतो. एकेक सेल ४.२ पर्यंत भरून आठवडाभर तसाच ठेवा, ४.१ च्या खाली उतरला तो बाद, जे टिकले त्यांचा रात्री जागलीच्या टॉर्चला उपयोग करा, तिथं करंट कमी लागतो.

पंपासाठी एलएफपी सेल घ्या, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ३२७०० साइजचा ६ एएचचा सेल मिळतो, ३.२ व्होल्टचा. चार सिरीजमध्ये लावले की १२.८ व्होल्ट, पॅरललची भानगडच नाही, म्हणजे एका गटातला एक सुटला आणि कळलंच नाही असं होणार नाही. चारही सेलचं वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. हे सेल लॅपटॉपच्या सेलसारखे सहजासहजी पेट घेत नाहीत, आणि यांचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतात म्हणून शेवटच्या टाकीलाही पहिल्यासारखं प्रेशर मिळतं. बऱ्याच सेलना स्क्रूचं टोक येतं, मग नट आणि वॉशरनं पट्टी आवळता येते, सोल्डरच नको. बीएमएस मात्र एलएफपीचाच ४एस घ्या, तुमच्याकडचा ३एसचा इथं चालणार नाही, आणि चार्जर १४.६ व्होल्टचा एलएफपी लिहिलेला.

एवढं सांगितल्यावर लगेच कोणी तरी विचारेल की लेडचा १४.४ चा चार्जर मग एलएफपीला चालतो का. व्होल्ट जवळचे आहेत, पण काही लेड चार्जर भरल्यावरही बारीक करंट देतच राहतात आणि काही पल्स मारतात, म्हणून नको. थोडक्या पैशांसाठी चार सेलचं नुकसान करू नये.

पऱ्हाटीवाला_केळापूर

ताई खरंच आभार. एक शेवटचं, आमच्या इकडे वावरातल्या फिडरले लाइन कधी दिवसा कधी रात्री असते म्हणून पॅक वावरातल्या पत्र्याच्या खोलीत चार्ज केला तर चालन का? घरात ठेवाची आता हिंमत होत नाई. अन् उन्हाळ्यात काय कराव, दर्यापूरवाल्या भाऊनं लेडचं सांगितलं तसं फुल भरून ठेवू का?

आयटीआय_ताई_वर्धा

लेडच्या उलट आहे भाऊ. लेड फुल भरून ठेवायची, लिथियम अर्धा भरून ठेवायचा. सीझन संपला की पॅक साधारण निम्मा असताना पंपातून पूर्ण काढा, नुसता स्विच बंद करून टांगू नका. बीएमएस पॅकवरच असतो, तो काढल्यावरही थोडं थोडं खात राहतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी मीटर लावून पाहा, सेलमागे ३.२ च्या खाली दिसलं तर थोडं भरा.

पत्र्याच्या खोलीचं म्हणाल तर आत्ता पावसाळ्यात रात्री चालेल, खाली फरशी किंवा माती हवी, औषधाचे डबे आणि खताची पोती शेजारी नकोत, आणि वरून पत्रा गळत नाही हे बघा. वावरातल्या लाइनचं व्होल्टेज वरखाली होतं, तेव्हा चार्जरच्या आधी कमी-जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारा प्रोटेक्टर असू द्या, नुसत्या एमसीबीनं ते थांबत नाही, ती फक्त शॉर्ट किंवा जास्त करंटला पडते. एप्रिल-मे मध्ये मात्र अजिबात नको. लिथियम सेल ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायचे नसतात आणि आपल्याकडे चंद्रपूर-ब्रह्मपुरीला बाहेरचंच तापमान ४५ च्या वर जातं, पत्र्याखाली तर त्याच्याहून जास्त. तेव्हा पॅक घरात माठाच्या कोपऱ्यापासून जरा दूर, गारव्याला पण कोरड्या जागी ठेवायचा.

आणि फवारणीहून आल्यावर बॅटरीचा खप्पा उघडायच्या आधी हात कोपरापर्यंत धुवा, मग वायरला हात लावा.

मोटरवाइंडिंग_आर्वी

नवीन पॅक लागला का तेच मोजमाप परत कर, मोटर बंद अन् चालू, चारही सेलचे आकडे, अन् पॅकवर-मोटरवर फरक किती. आकडे खप्प्याच्या झाकणावर आतून मार्करनं लिहून ठेव. पुढच्या सीझनले पंप कमी चालला असं वाटलं का परत मोजून त्या आकड्यासंग लावून पाय, कोणता सेल खाली गेला हे पाच मिनिटात समजते. इथं पण टाकजो, माह्या कामाले येईन.